लिलाबाईंचा अंगठा

"दाब... दोन... तीन. दाब... दोन... तीन. अवो संस्कृती, लेकराच्या छातीत हवा भरून राह्यली का सायकलच्या चाकात?"

हॉलमधल्या पंधरा-वीस नर्सा हसल्या. संस्कृती हसली नाही. कपाळावरचा घाम तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळं तो पुसायची सोय नव्हती. एका हातानं तिनं बाळाच्या नाकातोंडावर मास्क धरला होता, दुसऱ्यानं रबरी पिशवी दाबत होती. बाळ निपचित पडलं होतं.

"मास्क घट्ट बसला नाई. सारी हवा गालावून जाऊन राह्यली. अन् मान पाह्य त्याची. ते काय पतंग पाह्यते वर? सरळ कर जराशी."

संस्कृतीनं मान सरळ केली.

"सिस्टर, छाती हालली."

"हालली ना? मंग मले काय सांगते, दाब."

अर्ध्या मिनिटानं बाळ रडलं. रडलं म्हणजे जत्रेतल्या पिपाणीसारखं चीं केलं, कारण बाळ रबराचं होतं. तिचं नाव पिंकी. कागदोपत्री ती 'प्रशिक्षण साहित्य, नग एक' होती, पण वाशीम जिल्ह्यात तिला पिंकीच म्हणायचे.

मी चंपत. जीप चालवतो. जिल्ह्यात कुठंही नर्सांचं प्रशिक्षण असलं की लिलाबाई खिल्लारेंना, त्यांच्या पत्र्याच्या पेटीला आणि पिंकीला तिथं पोचवायचं, पिंकीच्या पोटात पाणी भरायचं म्हणजे ती खऱ्या बाळाइतकी जड लागते, आणि मग चहा येईपर्यंत मागच्या खुर्चीत बसून राहायचं, हे माझं काम. अकरा वर्षं बसून बसून मला एवढं येतं की वेळ आली तर मी मेलेली म्हैस उठवीन. उठवली आहे एकदा, मालेगावच्या बाजारात. पण तिचा मालक अजून जिवंत आहे, तेव्हा ती गोष्ट नंतर.

लिलाबाई स्वतः नवजात बालकांच्या कक्षातल्या. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तळहाताएवढी लेकरं सांभाळली. त्या बुटक्या, करड्या केसांची घट्ट गाठ बांधणाऱ्या, आणि आवाज असा की हॉलमधला पंखासुद्धा एक पॉइंट हळू फिरावा. शिकवायच्या मात्र हातात हात धरून. गार पडलेलं लेकरू कसं ओळखायचं, तर पालथा हात आधी त्याच्या पोटाला लावायचा, मग तळपायाला. पोट गरम अन् पाय गार, म्हणजे धोक्याची सुरुवात. चोखायची ताकद नसलेल्याला वाटी-चमच्यानं थेंब थेंब कसं पाजायचं, दीड किलोचं लेकरू मायच्या उघड्या छातीशी कसं बांधून ठेवायचं, सारं सांगायच्या. आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे जन्मून न रडणारं बाळ. त्याच्यासाठी पहिलं एक मिनिट. तेवढ्यात पुसायचं, चोळायचं, आणि नाहीच रडलं तर पिशवी हातात घ्यायची.

पिंकीच्या अंगातून तीन नळ्या निघतात आणि प्रत्येक नळीला एक रबरी फुगा. एक दाबला की पिंकी स्वतःहून श्वास घेते, दुसरा दाबला की नाळेत ठोके लागतात, तिसरा दाबला की पिंकी रडते. फुगे शिकवणाऱ्याच्या हातात. नर्सांनाही ते ठाऊक असतं, त्यात चोरी नाही. नीट केलं तर सिस्टर फुगा दाबणार, चुकलं तर नाही दाबणार, असा सरळ हिशोब. लिलाबाई उजवा हात टॉवेलखाली घालून बसायच्या, आणि त्या टॉवेलखाली त्यांचा अंगठा असायचा.

या पिंकीनं आम्हाला पुष्कळ फिरवलं. एकदा माझी जीप कामरगावजवळ रुसली म्हणून आम्ही एसटीनं निघालो. गर्दीत पिशवीची चेन उघडी राहिली आणि पिंकीचं डोकं बाहेर आलं. मागच्या सीटवरच्या म्हातारीनं पाहिलं. "अवो माय, लेकराले पिशवीत काहून कोंबलं?" लिलाबाई समजावून सांगेपर्यंत गाडी थांबली होती, आणि गाडीतला सुट्टीवर निघालेला हरिसिंग हवालदार पिशवीचा ताबा घेऊन बसला होता. त्यानं पिंकीला उचललं ते नेमकं फुग्याला धरून. तिनं चीं केलं. हवालदार म्हणाला, "जिंदा है." मग त्यानं तिला खांद्यावर घेऊन थोपटलं आणि सगळी गाडी, कंडक्टरसह, ती झोपेपर्यंत गप्प बसली. यातला खांद्यावर थोपटल्याचा भाग माझा आहे. लिलाबाई म्हणतात, हवालदाराचा भागही माझाच आहे.

तर अंगठ्याचं सांगत होतो. अकरा वर्षांत पाच-सहाशे नर्सा त्यांच्या हाताखालून गेल्या. कुणी पहिल्या खेपेला जमवायची, कुणी दहाव्या. पण खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकीची पिंकी रडायची. एकदाही, एकीच्याही हाताखाली पिंकी मेली नाही.

आता मी काही डॉक्टर नाही, पण प्रशिक्षणाचं पुस्तक मला वाचता येतं, आणि चहा नेहमी उशिरा येतो. त्या पुस्तकात शेवटून तिसरं पान असं होतं की सगळं नीट केलं, तरी काळजाचा ठोका लागला नाही, तर काय. वीस मिनिटं प्रयत्न करायचे, डॉक्टरांनी तपासायचं आणि थांबायचं. थांबल्यावर बाळाचं काय करायचं, मायला काय सांगायचं, कसं सांगायचं, तेही लिहिलेलं होतं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या शेवटी लिलाबाई त्या पानाशी यायच्या, चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "हे सोपं हाय. घरी वाचून घेजा." मग फोटो, सर्टिफिकेटं, आणि जेवण.

मी एकदा विचारलं होतं, "बाई, हे पान तुमी दरवेळी काहून सोडता?"

"चंपतभाऊ, गाडी चालवा."

मी गाडी चालवली.

रुचिका त्यांच्याकडं आली ती दोन वर्षांपूर्वीच्या बॅचला. इंझोरीची पोरगी. बारीक, लांब वेणी, नोकरीला लागून तीन महिने झालेले. तिच्या हातांना कंप सुटायचा. पिशवी धरली की पिशवीही थरथरायची. लिलाबाईंनी तिला सगळ्या गेल्यावर थांबवून घेतलं. पाच वेळा जमलं नाही, सहाव्या वेळी पिंकी रडली, आणि पिंकीपेक्षा मोठ्यानं रुचिका रडली.

"रडू नोको," लिलाबाई म्हणाल्या. "हात नीट चालला की लेकरू उठते. ध्यानात ठेव. लेकरू उठतेच."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यात माझी भर नाही.

पुढं सात-आठ महिन्यांनी रुचिकाचा फोन आला की पहिलं खरं लेकरू उठलं. लिलाबाईंनी त्या दिवशी मला दोनदा चहा पाजला. नंतर आणखी दोन लेकरं उठली. कारंजाकडच्या ज्या दवाखान्यात ती होती, त्याचं नाव मी घेत नाही. तिथं चुकलं कुणाचंच नव्हतं.

या पौषात, एका सकाळी अकराच्या सुमाराला, तिथं राधिका नावाची पोरगी बाळंतपणाला आली. मळेवाल्याची सून, पहिलीच खेप. पोरगा झाला, पण रडला नाही, हातपाय सैल. नाळेला ठोका नाही. रुचिकानं मिनिटाच्या आत पिशवी घेतली. तिथले डॉक्टर शेजारी उभे होते. त्यांनी औषध दिलं, छाती दाबली, सारं केलं. वीस मिनिटांनी त्यांनी कानाला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "सिस्टर, बस आता."

रुचिका म्हणाली, "दोन मिनिटं, सर. माह्यंच काहीतरी चुकून राह्यलं."

दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची पंधरा. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला तरी ती थांबेना. मास्क काढायची, पुन्हा बसवायची, मान सरळ करायची, दाब, दोन, तीन. सव्वा तास. शेवटी पोराची आजी आत आली आणि तिनं तिच्या हाताखालून नातू उचलून फडक्यात गुंडाळला. रुचिकानं हात धुतले, युनिफॉर्म घडी करून कपाटात ठेवला, कपाटाची किल्ली आयाबाईच्या हातात दिली आणि इंझोरीला निघून गेली.

हे सगळं अकराव्या दिवशी त्या डॉक्टरांनी लिलाबाईंना फोनवर सांगितलं. फोन गाडीत आला, म्हणून मीही ऐकलं.

"राजीनामा लिहून पाठवलाय, मॅडम. मी अजून पुढं पाठवला नाही, सोमवारपर्यंत थांबतो. ती एकच गोष्ट म्हणत होती. खिल्लारे सिस्टरच्या हाताखाली एकही लेकरू मेलं नाही, माझ्याच हाताखाली का मेलं, म्हणून."

लिलाबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. आम्ही रिसोडच्या रस्त्यावर होतो, पुढं वीस नर्सा वाट पाहत होत्या.

"गाडी पलटवा," त्या म्हणाल्या. "इंझोरी."

"अन् रिसोड?"

"रिसोडले कळवते."

वाटेत मी एक गोष्ट काढली, नेहमीसारखी, हसवायला. त्यांनी हात वर केला. मग रस्त्याकडं पाहत त्या बोलू लागल्या.

"मी नवीन लागली तवा ही पिशवीच नव्हती आमच्याकडे. तोंडानं फुंकायचो. एका हिवाळ्यात सदतीस लेकरं मी फडक्यात गुंडाळली, चंपतभाऊ. सदतीस. घरी गेली की माह्ये हे विचारत, 'आज कसं काय?' मी मने, बरं हाय. तवाच ठरवलं होतं का काय, मले माईत नाई. मंग ही बाहुली आली. वाटलं, खरी जातात तेवढी जाऊ दे. ही तरी कायले मारायची? अंगठा दाबला की उठते. एवढं तर आपल्या हातात हाय."

मी गाडी चालवली. माझ्याकडं सहसा सांगायला काहीतरी असतं.

इंझोरीला रुचिकाची आई सीताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सावरला. "या बाई. पाहा तुमीच आता. जेवत नाई, बोलत नाई. दिवसभर हात धुत राह्यते."

रुचिका दारात आली. लिलाबाईंना पाहून तिनं मान खाली घातली.

"सिस्टर, मी तुमचं नाव खराब केलं."

"माह्यं नाव बाजूले ठेव. साबण आन. हात धू."

"मले नाई करायचं आता ते."

"मी विचारलं का तुले? हात धू. चंपतभाऊ, पिंकीले पानी भरा."

मी रांजणातून पाणी घेतलं आणि पिंकी भरली. अंगणात बाज होती, तिच्यावर लिलाबाईंनी टॉवेल अंथरला, पिंकीला ठेवलं, पेटीतून मास्क आणि पिशवी काढली. शेजारच्या दोन-तीन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "काय माय, बाहुलीचं बारसं करून राह्यल्या का?" सीताबाईनं तिच्याकडं पाहिलं तशी ती गप्प झाली.

"पोरगा झाला. रडला नाई," लिलाबाई म्हणाल्या. "कर."

रुचिका बराच वेळ उभीच होती. मग हात आपोआप पुढं झाले. पुसलं. पाठ चोळली. मान सरळ केली. मास्क बसवला. दाब, दोन, तीन. मी अकरा वर्षं पाहत आलो आहे. एवढे नेमके हात मी पाहिले नव्हते. कंप नव्हता. प्रत्येक दाबाला पिशवीच्या हवेनं पिंकीची छाती जराशी वर यायची.

लिलाबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून बाजेवर ठेवलं, आणि दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. टॉवेल नाही, काही नाही. तिन्ही फुगे पिंकीच्या पायाशी मोकळे पडलेले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. रुचिकाची नजर पिंकीवरून त्या फुग्यांवर गेली, तिथून लिलाबाईंच्या हातांवर.

"सिस्टर, नीट करून राह्यली ना मी?"

"एकदम नीट."

"मंग दाबा ना."

"नाई."

"काहून?"

"कारन हे उठनार नाई."

"पन तुमीच म्हनलं होतं. हात नीट चालला की लेकरू उठतेच."

"खोटं बोल्ली मी."

रुचिकाचा हात थांबला नाही, पण तोंड उघडं राहिलं.

"सारे उठत नाईत, बाई. शंभरातली पुष्कळ उठतात. काई नाई उठत. हात चुकला म्हनून नाई, काहीच चुकत नाई तरी. ते एक पान होतं पुस्तकात."

"वाचलं होतं मी ते," रुचिका म्हणाली. "घरी वाचून घेजा मनलं होतं तुमी. वाचलं होतं."

"वाचून येत नाई ते. हातानं शिकवावं लागते. ते माह्यानं झालं नाई. सहाशे पोरींले मी अर्धंच शिकवून पाठवलं, अन् तू त्यातली पयली, जिचं मले कळलं. बाकीच्यांचं कळलं बी नाई."

आता रुचिकाला राग आला. मी पाहिला तो. दाब, दोन, तीनच्या मधल्या मधल्या जागेत ती बोलत होती. "सव्वा तास... मी त्याले... सोडलं नाई. डॉक्टर सर मनत होते... आयाबाई मनत होती. मले वाटे, आता रडन. मास्कच... नीट नसन. तुमचा चेहरा दिसे मले."

"हो."

"तुमी तवाच एकदा... मारली असती बाहुली..."

"हो, बाई."

कुडापलीकडच्या बाया केव्हा निघून गेल्या कळलं नाही. वीस मिनिटं फार असतात. आपण म्हणतो, वीस मिनिटांत येतो, आणि येतो. पण अंगणात बसून घड्याळाकडं पाहत कुणी वीस मिनिटं मोजून पाहावीत. तुरीच्या शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

"झाली वीस," लिलाबाई म्हणाल्या. "आता थांब."

रुचिकानं आणखी तीनदा दाबलं. मग थांबली. मास्क काढला. तिचा हात पिंकीच्या छातीवर तसाच राहिला.

"आता?" लिलाबाईंनी विचारलं, शिकवताना विचारतात तसंच.

"आता... पुसायचं."

"हं."

"स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं. तोंड झाकायचं नाई. मायजवळ न्यायचं. बाजूले बसायचं. खरं ते सांगायचं. घाई करायची नाई." ती एकदम थांबली. "सिस्टर, तिनं पाह्यलाच नाई त्याले. राधिकानं. आजी घेऊन गेली. तिले टाके घालून राह्यले होते. ती मले विचारत होती का, रडला का, रडला का, अन् मी तिच्याकडे पाठ करून... मी तिले काईच नाई सांगितलं."

लिलाबाई उठल्या. त्यांचे गुडघे वाजले.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

रुचिका पुढं नोकरीवर परत गेली, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. डॉक्टरांनी तो कागद फाडला. आणि लिलाबाईंनी मार्चमध्ये रिटायर व्हायच्या आधी राहिलेल्या चार बॅचेसना ते पान शिकवलं. प्रत्येक बॅचला एकदा पिंकी मेली. प्रत्येक वेळी त्या दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या, आणि प्रत्येक वेळी परतीच्या वाटेवर गाडीत अवाक्षर बोलल्या नाहीत. जुन्या नर्सांनाही त्या फोन करत होत्या, वहीतून नावं काढून, एकेकीला. काहींनी उचलला. हे मी कुठं रंगवून सांगत नाही, कारण ऐकणारे उठून जातात. त्यांना एसटीतली गोष्ट हवी असते.

तर त्या दुपारी आम्ही राधिकाच्या मळ्यावर गेलो. कामरगावच्या पुढं, डांबरी सोडून आत. विहीर, मेथीचे वाफे, पत्र्याची दोन खोल्यांची झोपडी. नवरा, हरीओम, बाजाराला भाजी घेऊन गेला होता. ओसरीत पोराची आजी बसली होती, राधिकाची सासू गोमतीबाई, पुढ्यात मेथीचा ढीग, जुड्या बांधत. तिनं रुचिकाला ओळखलं.

"आता काय राह्यलं तुमचं इथं?"

"आमचं एक काम राह्यलं होतं, आजी," लिलाबाई म्हणाल्या.

"लेकरू मातीत गेलं. आता कायचं काम? सुनेले अजून रडवाले आल्या?"

"भेटू द्या एकडाव. ती नाई मनली तर जातो."

आतून आवाज आला, "येऊ द्या, आत्या."

राधिका भिंतीला टेकून बसली होती. वीस-एकवीसची असेल. डोक्याला फडकं, कानात कापूस. मी दारातच थांबलो. पण ओसरी एवढीशी की दारात बसलेला माणूस आतच असतो. लिलाबाईंनी तिच्याकडं एकदाच पाहिलं आणि त्यांना ते दिसलं जे मला दिसलं नव्हतं. छातीशी गाऊन ओला झाला होता आणि त्यावर तिनं ओढणी घट्ट धरून ठेवली होती.

"दुखते?"

राधिकानं मान हलवली.

"कोनी सांगितलं का काई?"

"कोनाले विचारू?"

लिलाबाईंनी सांगितलं. गार पाण्याची पट्टी ठेवायची. फार तटतटलं तर जरासं काढून टाकायचं, सगळं नाही काढायचं, म्हणजे हळूहळू थांबतं. गाठ झाली, ताप आला तर लगेच फोन करायचा. त्यांनी स्वतःच फडकं भिजवून आणलं. राधिकानं ते घेतलं, आणि मग रुचिकाकडं पाहिलं. रुचिका तिच्या पायाशी बसली होती.

"तुमी होत्या ना तवा."

"हो."

"रडला होता का तो? थोडा तरी?"

"नाई," रुचिका म्हणाली. "एकदा बी नाई. त्याले दुखलं बी नसन. आला तवाच त्याचं काळीज चालत नव्हतं. आमी सारं केलं. तुह्यं काई चुकलं नाई. माह्यं बी नाई चुकलं." शेवटचं वाक्य तिनं जरा वेळानं म्हटलं.

राधिका पट्टी हातात धरून बसली. ती रडली नाही.

"मले दाखवला नाई कोनी."

"कच्च्या बाळंतिनीनं पाहू नाई," ओसरीतून गोमतीबाई म्हणाली. तिचे हात चालूच होते. "पाह्यलं तर नजरेतून जात नाई. पुढं कूस भरत नाई. आमच्यात नाई दाखवत."

"नसलं पाह्यलं तरी जात नाई, आत्या," राधिका हळू म्हणाली. मग रुचिकाला, "तुमी पाह्यला ना?"

"सव्वा तास पाह्यला."

"मंग सांगा."

रुचिकानं लिलाबाईंकडं पाहिलं. लिलाबाई भिंतीकडं पाहत होत्या. पुस्तकाच्या त्या पानावर एवढं लिहिलेलं नव्हतं.

"केस पुष्कळ होते," रुचिकानं सुरुवात केली. "काळे. ओले होते तवा चिपकून होते, वाळले तशे उभे राह्यले. डोक्यावर दोन भोवरे."

"दोन?"

"दोन. हा इथं अन् हा इथं." तिनं स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. "डावा कान जरा दुमडलेला होता, पोटात त्याच कुशीवर असन. मी सरळ केला तर पुन्हा तसाच होये. नखं बोटाच्या बाहेर आलती. बोटं लांब. मूठ नव्हती केलेली, उघडी होती. उजव्या गुडघ्याच्या खाली एक तीळ."

"कोनता गुडघा?"

"उजवा. मागून."

राधिकानं आपला उजवा पाय जवळ घेतला आणि गुडघ्यामागं हात नेऊन ठेवला.

"ओठ तुह्यावानी," रुचिका म्हणाली. "खालचा जाड."

विहिरीवरची मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता. रुचिका घाईनं काही भर घालत नव्हती. जेवढं पाहिलं तेवढंच सांगत होती, एकेक, आठवून. भुवया होत्या का, तर होत्या, बारीक, काढल्यासारख्या. रंग कसा, तर गव्हाळ असता. पाय केवढे, तर तिनं तर्जनी लांब करून दाखवली, एवढे.

ओसरीत मेथीच्या जुड्या बांधायचा आवाज केव्हातरी थांबला होता. मी वळून पाहिलं. गोमतीबाईच्या एका हातात जुडी होती, दुसऱ्यात दोरीचा तुकडा. तिनंच तो पोरगा फडक्यात गुंडाळून दवाखान्यातून मळ्याच्या धुऱ्यापर्यंत मांडीवर आणला होता, सारी वाट, तोंडावरचं फडकं न काढता.

"नाक?" तिनं विचारलं. आमच्यापैकी कुणाकडंच न पाहता. "नाक कसं होतं त्याचं?"

रुचिकानं थोडा विचार केला.

"बसकं, आजी. शेंड्यापाशी जरासं वर."

गोमतीबाईनं जुडी ढिगावर परत ठेवली. मग मातीनं भरलेलं बोट उचललं आणि स्वतःच्या नाकावरून, वरून खाली शेंड्यापर्यंत, हळूच एकदा फिरवून पाहिलं.